शेव्हरलेट ३१०० मध्ये टाटा २०७ चं इंजिन: फाउंडेशन कुठे घेऊ आणि डायनामोच्या ब्रॅकेटचं काय करू?

वारजेकर_५१

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबणार आहे, समजून घ्या.

घरी १९५१ ची शेव्हरलेट ३१०० पिकअप आहे, आजोबांच्या काळातली, उजव्या हाताचं स्टिअरिंग. बॉडी बरी आहे, चेसी तर फारच चांगली, गंज फक्त मागच्या फाळक्याजवळ. पण मूळचं २१६ घन इंचाचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन संपलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्या इंजिनात रॉडचे बेअरिंग बॅबिट (एक मऊ मिश्रधातू) ओतून केलेले असतात आणि त्यांना तेल आजच्या इंजिनासारखं प्रेशरने मिळत नाही, रॉडच्या बुडाला चमचे असतात ते तेल उडवून घेतात. दुकानातून शेल बेअरिंग आणलं आणि टाकलं असा प्रकारच नाही. बॅबिट ओतून बोअर करून देणारा भरवशाचा माणूस मला मिळेना, म्हणून ते इंजिन तेल-ग्रीस लावून, झाकून तसंच ठेवून दिलंय, विकणार नाही. त्याजागी टाटा २०७ डीआयचं चार सिलिंडर २९५६ सीसीचं डिझेल टाकतोय. पुढून ठोकलेली गाडी होती, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हौसिंग (म्हणजे मागचा ॲक्सल) एकाच गाडीचं मिळालं, कागदांसकट. हौसिंग घ्यायचं कारण, ३१०० ला उघडा प्रोपेलर शाफ्ट नसतोच, टॉर्क ट्यूब असते, म्हणजे शाफ्ट एका जाड नळीत बंद आणि ती नळी थेट गिअरबॉक्सच्या मागे येऊन बसते, त्यामुळे नवा गिअरबॉक्स आणि जुनं हौसिंग यांचं लग्न लागणं शक्य नाही.

आता इंजिन शिवणे गावातल्या शेडमध्ये चेन पुलीला लटकतंय आणि खालून आम्ही सगळे वर बघत बसतोय. अडचण अशी की जुन्या इंजिनाला एक फाउंडेशन (म्हणजे इंजिन चेसीवर बसवायचा रबरी आधार) पुढे टायमिंग कव्हरखाली क्रॉस मेंबरवर (चेसीच्या आडव्या दांड्यावर) आणि दोन मागे बेल हाऊसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) दोन्ही बाजूंना. नव्या इंजिनाला दोन हात ब्लॉकच्या बाजूंना आहेत आणि तिसरं गिअरबॉक्सच्या खाली. म्हणजे चेसीवर जिथे बैठक आहे तिथे इंजिनाला काही नाही आणि इंजिनाला जिथे हात आहेत तिथे चेसी सपाट. मिस्त्री म्हणतोय चॅनलचे दोन तुकडे कापून चेसीला वेल्ड मारू, संध्याकाळपर्यंत इंजिन बसलं समजा. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही ते त्याला सांगता येत नाहीये.

दुसरं म्हणजे इंजिन जिथे बसावंसं वाटतं तिथे डायनामो (म्हणजे अल्टरनेटर) बरोबर स्टिअरिंग बॉक्सला भिडतो. व्हॅक्यूम पंप डायनामोच्या पाठीलाच आहे त्यामुळे तो लांबही आहे. वर घ्यावा तर ब्रॅकेट नवा करावा लागेल. आणि घरून अट आली आहे की एवढा खर्च करताय तर एसी पाहिजे, म्हणजे कॉम्प्रेसरचा पण ब्रॅकेट. कोणी असं काही केलंय का? कुठून सुरुवात करू?

---

भोसरी_फिटर

मिस्त्रीचं ऐकू नका, निदान आज तरी नका ऐकू. वेल्डिंग हे शेवटचं काम आहे.

फाउंडेशन कुठे घ्यायचं हा प्रश्नच उलटा आहे भाऊ. इंजिन कुठे बसणार ते रेडिएटर, बॉनेट, स्टिअरिंग, पुढचा ॲक्सल, क्लच पेडल आणि मागचा शाफ्ट ही मंडळी ठरवतात, फाउंडेशन फक्त तिथपर्यंत हात पोचवतं. त्यामुळे आधी गाडी चारी चाकांवर, सपाट जमिनीवर, टायरमध्ये हवा भरून उभी करा. घोडीवर चेसी ठेवून माप घेऊ नका, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) लोंबकळले की सगळे कोन खोटे येतात. रेडिएटर बसवा, बॉनेट लावा, स्टिअरिंगचा रॉड जागेवर ठेवा, रिकाम्या चेसीत इंजिन सुरेख बसतं आणि नंतर बॉनेट लागत नाही असं फार होतं. मग इंजिन गिअरबॉक्ससकट उतरवा आणि खाली लाकडाचे ठोकळे घालून टेकवा. ओळंबा सोडून क्रँक पुलीचा मध्य आणि चेसीच्या दोन्ही बाजूंचा मध्य जुळतो का बघा. अगदी मध्यावर नाही बसलं तर बिघडत नाही, कंपन्यासुद्धा थोडं सरकवतात, पण सरकवायचं तर समांतर, तिरकं नाही.

आता तुमच्या गाडीत एक गंमत होणार. सहा सिलिंडरच्या जागी चार आलं म्हणजे इंजिन लांबीला आखूड. बेल हाऊसिंग जुन्या जागी ठेवलंत तर पुढे फॅन आणि रेडिएटरमध्ये मोठी पोकळी राहणार. लोक मग इंजिन पुढे ओढतात. ओढू नका. पुढे सरकवलं की चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) ॲक्सलच्या डोक्यावर येतं, आणि तुमच्या गाडीत पुढे सरळ आय बीमचा ॲक्सल आहे, खड्ड्यात तो सगळाच्या सगळा वर येतो. माप असं घ्या: गाडी उभी असताना ॲक्सल आणि बंप रबर यांच्यात जेवढी फट आहे तेवढी, अधिक वीस-पंचवीस मिलिमीटर, एवढी मोकळी जागा चेंबरच्या खाली हवीच. टाय रॉड पण त्या हिशेबात धरा, तो स्टिअरिंग फिरवल्यावर कुठून कुठे जातो ते दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. पुढची पोकळी रेडिएटरला श्राउड (फॅनभोवतीचं पत्र्याचं कडं) लावून भरून काढता येते, फॅनची पाती निम्मी श्राउडच्या आत आणि टोकाला बोटभर मोकळीक, कारण इंजिन रबरवर हलतं, श्राउड हलत नाही.

कोनाचं. गिअरबॉक्सची मागची शाफ्टची लाइन आणि हौसिंगच्या पिनियनची (शाफ्ट जिथे जोडतो त्या दांड्याची) लाइन एकमेकींना समांतर पाहिजेत, एका डिग्रीच्या आत. इंजिन साधारण तीन डिग्री मागे झुकलेलं ठेवतात, मग पिनियन तेवढंच वर. शाफ्टच्या दोन्ही क्रॉसना (टोकांच्या सांध्यांना) एक ते तीन डिग्रीचा कोन मिळाला म्हणजे झालं. अगदी शून्य पण नको, क्रॉसचे निडल एकाच जागी बसून खड्डा पाडतात. डिजिटल अँगल गेज हजार-बाराशेत मिळतं, क्रँक पुलीच्या तोंडावर धरा, टॅपेट कव्हरवर धरू नका.

हे सगळं जमलं की मग पुठ्ठा घ्या.

---

गोट्या_कात्रज

एवढं काय नाय राव, आमच्याकडे ट्रॅक्टरला कुठे रबर असतं. सॉलिड बसवा, आयुष्यभर बघायला नको. रबर दर दोन वर्षांनी फाटतंय.

---

कंपन_खातं

गोट्याभाऊ, ट्रॅक्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स हीच चेसी असते, ते कशावर बसलेलं नसतंच, त्यामुळे ती तुलना इथे लागू होत नाही. या गाडीत सॉलिड बसवलं तर चेसी पिळवटताना ते सगळं ब्लॉकच्या कानांवर येणार, कास्ट आयर्न पिळ सहन करत नाही, कान तुटतो. आणि दात वाजतील ते वेगळंच.

मी पोटापाण्यासाठी हेच करतो (गाड्यांचे आवाज आणि थरथर मोजणं) म्हणून थोडं हिशेबाचं सांगतो, कंटाळा आला तर पुढची पोस्ट वाचा. चार सिलिंडर फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन धमाके होतात. आयडल ७५० धरलं तर सेकंदाला साडेबारा फेरे, म्हणजे सेकंदाला २५ धक्के. जुन्या सहा सिलिंडरला तेवढ्याच आरपीएमवर साडेसदतीस, शिवाय ते पेट्रोल, म्हणजे धक्का मऊ. म्हणून जुन्या शेव्हरलेटचे रबर इथे वापरायचा मोह टाळा, ते वेगळ्या रोगाचं औषध आहे. रबरवर बसलेल्या इंजिनाची स्वतःची एक डोलायची गती असते, धक्क्यांची गती तिच्या साधारण १.४ पटीच्या वर गेली तरच रबर काही अडवतं, त्याच्या आत उलट वाढवतं. म्हणजे २५ च्या धक्क्यांसाठी डोलायची गती १७ च्या खाली हवी, दहा-बाराच्या आसपास असली तर चांगलं. ते ओळखायची सोपी खूण अशी की इंजिनाचं वजन टाकल्यावर रबर दोन-तीन मिलिमीटर दबलं पाहिजे. अजिबात दबलंच नाही तर ते रबर नाही, पॅकिंग आहे.

पण तुम्हाला हे गणित करायची गरजच नाही, कारण २०७ च्या कंपनीने ते करून ठेवलंय. इंजिनाकडचे हात २०७ चे, रबर २०७ चे, आणि ते रबर ज्या कोनात तिथे बसतात तोच कोन इथे. तिरकं बसणारं रबर दबतंही आणि सरकतंही, त्याला आडवं बसवलंत तर तेच रबर दगड होतं. तुम्ही फक्त चेसीकडची बैठक बनवायची.

जुन्या रचनेला नावं ठेवू नका पण. रबरवर इंजिन टांगायची कल्पना त्या काळात अशीच मोठी होती, क्रायस्लरवाल्यांनी १९३१ मध्ये प्लिमथमध्ये ‘फ्लोटिंग पॉवर’ नावाने आणलं होतं, पुढचा आधार उंचावर आणि मागचा खाली, म्हणजे इंजिन आपल्याच वजनाच्या अक्षाभोवती पाळण्यासारखं झुलतं आणि झोका चेसीला लागत नाही.

अजून एक, जे मिस्त्री लोक हमखास विसरतात. क्रँक समोरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून पहिल्या गिअरात जोर लावला की ब्लॉक उलटा फिरायला बघतो आणि गाडीची डावी बाजू वर उचलली जाते. डावीकडचं रबर ताणलं जातं, उजवीकडचं दबतं. ताणलं जाणारं रबर धातूपासून सुटलं तर इंजिन उडी मारतं. अमेरिकेत १९७१ मध्ये जनरल मोटर्सला (शेव्हरलेट त्यांचीच) याच कारणासाठी जवळपास ६७ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, फाउंडेशन सुटून इंजिन वर उचललं जायचं आणि ॲक्सिलरेटर अडकून बसायचा. तुमची पण शेव्हरलेटच आहे 😀 तेव्हा बैठक अशी करा की रबर पूर्ण सुटलं तरी वरचा हात खालच्या बैठकीत अडकून राहील, एक लोखंडी आकडा किंवा आरपार बोल्ट.

---

भोसरी_फिटर

कंपनसाहेबांनी बरोबर सांगितलं, त्यावरून आठवलं. ज्याच्याकडून इंजिन घेतलं त्या स्क्रॅपवाल्याकडे २०७ ची चेसी अजून पडली आहे का? असेल तर आज जा. चेसीवर ज्या बैठकींवर फाउंडेशन बसतं त्या दोन्ही बैठकी रिव्हेट तोडून काढून आणा, आणि काढण्याआधी त्यांच्यातलं अंतर, उंची, कोन यांचे फोटो पट्टी लावून काढा. अर्धं काम तिथेच होतं.

आता चेसीला वेल्ड का नको ते मिस्त्रीला असं सांगा: चेसी सी चॅनलची आहे, उभी बाजू आणि वर-खाली आडव्या पट्ट्या. गाडीचं सगळं वाकणं त्या आडव्या पट्ट्या घेतात. तिथे भोक पाडलं किंवा वेल्ड मारला की तडा तिथूनच निघतो, लगेच नाही, वर्षभराने, आणि तोही वेल्डच्या कडेला. म्हणून बैठकीची प्लेट उभ्या बाजूला बसवायची, बोल्टने, आणि शक्य तिथे जुन्या रिव्हेटचीच भोकं वापरायची. ८ मिलिमीटरची प्लेट, आतून पण एक पट्टी द्या म्हणजे बोल्टचं डोकं चॅनल ओढून घेणार नाही, ८.८ ग्रेडच्या खाली बोल्ट नको. शिवाय तुम्ही जुनं इंजिन सांभाळून ठेवलंय म्हणताय, उद्या पोराला परत तेच बसवावंसं वाटलं तर पाना लावून सगळं उतरलं पाहिजे.

बेल हाऊसिंगजवळचा जुना क्रॉस मेंबर मध्ये येत असेल तर तो आधी कापू नका. तो चेसीच्या दोन्ही बाजू बांधून ठेवतो. गिअरबॉक्सखाली नवा मेंबर करा, बोल्टने उतरणारा, तो बसला की मग जुन्याकडे बघा. उतरणारा यासाठी की क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स खाली आला पाहिजे, नाहीतर दरवेळी इंजिन काढायची वेळ येईल.

पुठ्ठ्याचं राहिलं. इंजिन ठोकळ्यांवर बरोबर बसल्यावर रबर २०७ च्या हाताला लावा आणि रबरच्या खालच्या बोल्टपासून चेसीच्या उभ्या बाजूपर्यंत पुठ्ठा कापत जा. लग्नपत्रिकेचा जाड कागद यासाठी उत्तम, तो घरोघरी पडून असतो. पहिला तुकडा आडवा, दुसरा उभा, तिसरा बगलेतला त्रिकोण, कात्रीने कड थोडी थोडी घेत, चिकटपट्टीने जोडत. हात घालून बघा नट फिरवायला पाना जातो का, इथे सगळे फसतात, ब्रॅकेट होतो देखणा आणि त्याचा नट कोणाच्याच पान्याला पोचत नाही. पुठ्ठा मनासारखा झाला की सपाट करून भोसरी एमआयडीसीत कुठल्याही लेझर कटिंगवाल्याला द्या, भोकांसकट कापून देतात, गॅस कटिंगच्या वाकड्या कडांपेक्षा शंभरपट बरं आणि दोन-चार प्लेटना महागही पडत नाही. मग इंजिन जागेवर असतानाच फक्त टॅक (ठिपक्याएवढा तात्पुरता वेल्ड) मारा, काढून टेबलावर पूर्ण वेल्ड. रबर लावलेलं असताना पूर्ण वेल्ड मारायचा नाही, रबर धातूपासून आतल्या आत सुटतं आणि बाहेरून कळत नाही. आणि टॅक मारताना अर्थिंगचा चिमटा त्याच प्लेटवर लावा, ब्लॉकवर नको, करंट क्रँकच्या बेअरिंगमधून फिरला तर नव्या इंजिनाची पण तीच गत. बॅटरी आणि डायनामोच्या वायरी आधी सोडा.

---

कागदवाला

रंगाचा बेरंग करतो, माफ करा. आरटीओचं काय ठरलंय? पेट्रोलचं डिझेल करताय, इंजिन नंबर बदलतोय. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा, परवानगीशिवाय असा फेरफार चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल नको असं स्पष्ट केलंय. इंजिन बसवून झाल्यावर नाही, आत्ता जाऊन लेखी विचारा. विमा कंपनी अपघातानंतर हेच कागद मागते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, खासगी वापराची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००. पण अट आहे की चेसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. म्हणजे २०७ चं इंजिन टाकलेली ३१०० तिथे बसत नाही. अर्थात व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज वापरताही येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच, त्यामुळे तुम्हाला शेतावर आणि घाटात पळवायची असेल तर तो रस्ता तसाही तुमचा नाही. पण ठरवून करा. जुनं इंजिन नंबरासकट ठेवलंत हे फार शहाणपणाचं केलंत.

---

नानापेठ_नेहमीचा

वरच्यांनी फाउंडेशनचं सगळं सांगितलं, मी डायनामो आणि एसीवर बोलतो, कारण गाडी रस्त्यात बंद पडते ती यांच्यामुळे, फाउंडेशनमुळे नाही.

पहिलं, जे काढता येईल ते काढा. २०७ ला पॉवर स्टिअरिंगचा पंप असेल तर शेव्हरलेटला तो लागणार नाही, त्याचा वेगळा बेल्ट असेल तर पंप, ब्रॅकेट, बेल्ट सगळं उतरवा. त्याची ब्लॉकवरची भोकं मात्र सोन्याची आहेत, एसीचा कॉम्प्रेसर तिथेच घ्या.

दुसरं, डायनामो हलवायच्या आधी इंजिन एक-दोन सेंटिमीटर वर किंवा डावीकडे सरकून भिडणं टळतंय का बघा. व्हॅक्यूम पंपवाला डायनामो म्हणजे नुसता डायनामो नाही. त्याच्या पाठीला तेलाची बारीक नळी येते आणि जाड नळीने तेल परत चेंबरकडे जातं. बारीक नळीत प्रेशर असतं, ती कशीही वळवा. जाड नळीत प्रेशर नसतं, तेल फक्त उताराने जातं. म्हणून डायनामो वर घेतला तर फायदाच, उतार वाढतो, पण नळी कुठेही खाली जाऊन परत वर आली की तिथे तेल साचतं, पंप तेलाने भरतो, सील फुगतं आणि तेल डायनामोच्या आत. मग ब्रश, वाइंडिंग सगळं चिकट. ती नळी पंपापासून ब्लॉकपर्यंत सतत उतरती, मध्ये झोळ नाही, आणि ब्लॉकमध्ये जिथे शिरते ती जागा तेलाच्या पातळीच्या वर. हे जमत नसेल तर डायनामोचा देखणा ब्रॅकेट करून उपयोग नाही. व्हॅक्यूम सोडून देऊ असं पण कोणी सुचवेल, ३१०० ला मुळात ब्रेकचा बूस्टर नव्हताच म्हणून. पण डिझेलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही, उद्या बूस्टर लावायचा म्हटलं तर पंप हवाच, आणि दिवे घाटात भरलेली गाडी उतरवताना बूस्टर पाहिजे असं तुम्हीच म्हणाल.

ब्रॅकेट करायचाच तर नियम एकच, डायनामोचा खालचा बोल्ट दोन्ही कानांतून आरपार आणि ब्रॅकेटचे पण दोन कान, मध्ये पूर्ण लांबीचा बुश. एकाच पट्टीला एका बाजूने बोल्ट लटकवला की इंजिनाच्या थरथरीने तो बोल्ट वाकतो, बेल्ट तिरका होतो आणि दर महिन्याला नवा बेल्ट. वरची ताण द्यायची पट्टी जी असते तिची खाच सरळ कापू नका, खालच्या बोल्टच्या मध्यावरून कंपास मारून गोलाईत कापा.

पुल्या एका रेषेत आणायच्या त्या क्रँक पुली आणि वॉटर पंप पुलीला प्रमाण धरून. सरळ पट्टी लावा, तीन पुल्यांच्या खाचेचा मध्य जुळला पाहिजे, पुलीची कड नाही, कारण पुल्या वेगवेगळ्या जाडीच्या असतात. एक-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर डायनामोच्या कानात शिम (पातळ चकती) किंवा टर्नरकडून बुश कमी करून घ्या. वॉशरांची चळत लावू नका राव, दहा वॉशर म्हणजे दहा ठिकाणी ढिलं व्हायची सोय.

एसीचा ब्रॅकेट सगळ्यात आधी तुटतो, लिहून ठेवा. कॉम्प्रेसर जड, क्लच दर मिनिटाला खटकन लागतो-सुटतो, आणि लोक सपाट ६ मिलिमीटरच्या प्लेटवर त्याला बसवून मोकळे होतात. प्लेट जाड करून भागत नाही, बगलेत त्रिकोण द्या, आणि ब्लॉकवर निदान तीन बोल्ट, त्यातले दोन एकमेकांपासून लांब. ब्रॅकेटचं एक टोक ब्लॉकला आणि दुसरं चेसीला असं तर अजिबात नको, इंजिन हलतं आणि चेसी हलत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय की एका गाडीत असं केलेलं आणि ब्लॉकचा आटाच उपटून आला.

---

वारजेकर_५१

मंडळी काय बोलू, साष्टांग. स्क्रॅपवाल्याकडे गेलो होतो. आधी कुदळवाडीत होता, तिथे फेब्रुवारी २०२५ मध्ये पालिकेची पाडापाडी झाल्यावर आता चाकणकडे हललाय, शोधायलाच दुपार गेली. पण चेसी होती! दोन्ही बैठकी काढून आणल्या, फोटो काढले, एक बैठक ठोकर लागलेल्या बाजूची थोडी मुरडली आहे पण दुसरीवरून आरशातल्यासारखी काढता येईल असं वाटतंय.

मापं: इंजिन ठोकळ्यांवर, बेल हाऊसिंग जुन्या जागेपेक्षा किंचित पुढे. चेंबर आणि ॲक्सलमध्ये बंप रबरच्या फटीवर ३० मिलिमीटर जास्त उरतात, म्हणजे चालेल ना? टाय रॉड मोकळा. इंजिन मागे ३ डिग्री, पिनियन आत्ता १ डिग्री वर आहे. इंजिन डावीकडे १५ मिलिमीटर सरकवल्यावर डायनामो आणि स्टिअरिंग बॉक्समध्ये एक बोट जातं. एक बोट पुरेल का? पुरत असेल तर ब्रॅकेट करायचाच नाही.

मिस्त्रीला चेसीच्या आडव्या पट्टीचं सांगितलं, तो म्हणाला हे मला माहीतच होतं.

आरटीओत पण जाऊन आलो, अर्ज लेखी द्या म्हणाले, दिलाय. उत्तर येईपर्यंत चेसीला हात लावणार नाही, पुठ्ठेच कापतो.

---

भोसरी_फिटर

३० उत्तम. पिनियन वर करा, पाट्याच्या आणि हौसिंगच्या मध्ये तिरका पाचर मिळतो दोन डिग्रीचा, तो जाड बाजू बघून टाका. पण हे शेवटी, गाडीत रेडिएटर पाणी, बॅटरी, माणूस सगळं बसल्यावर परत मोजून, पाटे बसले की कोन बदलतो.

मुरडलेली बैठक सरळ करत बसू नका. चांगल्या बैठकीचा पुठ्ठा काढून उलटा करा आणि दोन्ही नव्याच कापून घ्या, म्हणजे दोन्हीकडे सारखा माल. फक्त एक, २०७ च्या दोन्ही बैठकी खरंच एकमेकींच्या आरशातल्या आहेत का ते फोटोवरून आधी खात्री करा, बऱ्याच गाड्यांत उजवी-डावी उंची वेगळी असते. आणि आता इंजिन १५ ने डावीकडे आहे म्हणजे तुमचा डावा हात आखूड आणि उजवा लांब, ते बैठकीत धरा, रबर ओढून-ताणून बोल्टात घालू नका. रबरचा बोल्ट बोटाने आत गेला पाहिजे.

---

कंपन_खातं

एक बोट म्हणजे साधारण १५ मिलिमीटर. उभ्या गाडीत पुरेसं वाटेल पण बंद-चालू करताना इंजिन सगळ्यात जास्त हलतं, आयडलला नाही. डायनामो खाली आणि इंजिनाच्या अक्षापासून लांब असल्यामुळे त्याचं टोक सर्वात जास्त झोका घेतं. तपासायचं असं: फाउंडेशन टॅकवर बसलं की लांब पहार घेऊन इंजिन दोन्हीकडे जोरात रेटा आणि डायनामोच्या टोकाला मऊ माती, म्हणजे मुलांची क्ले, चिकटवा. स्टिअरिंग बॉक्सवर ठसा उमटला तर जागा कमी. नुसता चाटून गेला तर डायनामो त्याच ब्रॅकेटवर ठेवून वरची पट्टी आखूड करा, तो फिरून वर येईल, बेल्ट एक नंबर लहान घ्या. उजवी बाजू जोरात दबणारी आहे हे विसरू नका, स्टिअरिंग बॉक्स उजवीकडेच आहे.

आणि इंजिन ते चेसी जाड अर्थिंगची पट्टी, विसरू नका. सगळं रबरवर आहे. ती नसेल तर सेल्फचा (स्टार्टरचा) करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परत जातो आणि केबल लाल होते.

---

नानापेठ_नेहमीचा

बेल्ट लहान घ्यायचाच असेल तर नंबर विचारून घेऊ नका. डायनामो पट्टीच्या खाचेत आतल्या टोकापासून एक तृतीयांशावर ठेवा, पुल्यांवरून न ताणणारी दोरी फिरवून गाठ मारा, तीच दोरी घेऊन नाना पेठेत पार्टच्या दुकानात या. पूर्ण आत सरकवून माप घेतलं तर बेल्ट चढवताना स्क्रू ड्रायव्हरने उपसावा लागतो, आतला दोरा तुटतो आणि महिन्यात बेल्ट जातो. मध्यावर घेतलं तर पुढे ताणायला जागा कमी उरते. खाचेची रुंदी पण बघून या, वर १३ मिलिमीटर असेल तर ए सेक्शन, १७ असेल तर बी, दुकानदार गर्दीत काहीही हातात देतो. एसीचा बेल्ट आत्ता घेऊ नका, कॉम्प्रेसर बसू दे आधी.